करंगळी, कंदील आणि ३१ चुका: कंटिन्युइटी तपासणीच्या नोंदी

(आमच्या वेबकॉमिकची आधीची पानं पुढच्या पानांशी जुळतात का, ती ही तपासणी. गोष्ट लेखकाची, चित्रं माझी. लेखकाला विचारून या नोंदी जशाच्या तशा ठेवते आहे. कंदिलाचं गुपित आता गोष्टीतच फुटलंय, त्यामुळे लपवण्यासारखं फारसं उरलेलं नाही.)

३ जून २०२५

पुस्तकासाठी जुनी पानं काढायला घेतली. ऑगस्ट २०१७पासून दर बुधवारी एक पान. बुडालेले आठवडे वजा जाता ३९६ झाली. बेत साधा होता. रिझोल्यूशन तपासायचं, फुग्यांमधलं शुद्धलेखन बघायचं, छापायला द्यायचं.

तो बेत काल रात्री एका मेलने मोडला. एका नव्या वाचकाने सगळी पानं दोन रात्रींत वाचली आणि चुकांची यादी पाठवली. एकूण ३१. प्रत्येकीचा पान नंबर, चौकट नंबर आणि एका ओळीत काय बिघडलंय ते. शेवटी 'कथा फार आवडली' इतकंच. शेरा नाही, टोमणा नाही.

पहिली दहा मिनिटं नुसता संताप. मग क्र. ७ वाचला: 'पान २१४, चौकट ३. हिची करंगळी पान ४१वर तुटली होती ना?'

तुटली होती. मीच तोडली होती.

लेखकाला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, पण इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही?" बोलले होते. जुने मेल चाळले तर २०२१च्या नोव्हेंबरात दोघांनी विचारलेलं सापडलं. मी दोघांनाही 'बघते' असं उत्तर दिलंय.

५ जून

क्र. ७चं शवविच्छेदन.

चौकट तशी लहान. आमची नायिका दिवेवाली कंदिलाची वात वर करते आहे, उजेड खालून बोटांवर पडलाय आणि करंगळी नेमकी त्या उजेडात. नखावर मी चमक म्हणून पांढरा ठिपकासुद्धा दिलाय. एवढ्या मायेने काढलेली चूक दुसरी नसेल.

मूळ फाईल उघडली. हात त्या पानासाठी काढलेलाच नाही. लेयरचं (फाईलमधल्या चित्राच्या एका थराचं) नाव 'हात_वात_०३०', म्हणजे पान ३०वरून उचलून आणलेला. तेव्हा तिची पाचही बोटं शाबूत होती. पान २१४ ज्या आठवड्यात काढलं तेव्हा बफर (आधीच तयार पानांचा साठा) शून्यावर होता. दहा पानं पुढची तयार असली की माणूस हात नव्याने काढतो. उद्या सकाळी पान द्यायचं असलं की जुना हात चिकटवतो.

यादीतल्या सहा चुका अशा लेयरच्या निघाल्या. नावाड्याच्या कपाळावरचा व्रण मी वेगळ्या लेयरवर ठेवते, रंग भरताना मधे येऊ नये म्हणून. एकदा तो बंद केला आणि निर्यात करताना चालू करायचा राहिला. त्यामुळे पान १६२ ते १६४ नावाडी बिनव्रणाचा फिरतोय. सहापैकी पाच चुका बफर शून्य असतानाच्या आहेत. सहावीला कसलीही सबब नाही. ती नुसता आळस आहे.

८ जून

आज फ्लिपच्या चुका. यादीत ११ आहेत, सर्वात मोठा गठ्ठा.

चित्र आडवं उलटून बघायची सवय जवळजवळ प्रत्येक चित्रकाराला असते. डोळा एका बाजूला सरावतो, चेहरा कलला तरी कळत नाही. आरशातल्यासारखं उलटलं की तिरपा जबडा लगेच बोंबलतो. सॉफ्टवेअरमध्ये याच्या दोन वाटा आहेत. फक्त दृश्य उलटायचं, म्हणजे फाईलला धक्का लागत नाही. किंवा चित्रच उलटायचं. शॉर्टकट शेजारी शेजारी ठेवल्याने (ठेवले मीच) पहाटे तीनला दुसरा दाबला जातो, आणि दिवेवालीची तुटकी करंगळी डाव्या हातावरून उजव्या हातावर जाते. पान ९५, १२१, १७८.

आपली नजर उलट्या चित्राला किती सहज स्वीकारते याचं मोठं उदाहरण मांगाचं. जपानी कॉमिक्स उजवीकडून डावीकडे वाचतात. १९८० आणि ९०च्या दशकांत इंग्रजीत आणताना कित्येकदा पानंच्या पानं आरशासारखी उलटून छापत. त्यात पात्रं डावखुरी व्हायची हे ठीक. पण किमोनोची बाजूही उलटायची. किमोनो डावी बाजू वर ठेवून नेसतात, उजवी बाजू वर फक्त मृतदेहाला. म्हणजे उलटलेल्या पानावर हसतखेळत गप्पा मारणारी माणसं जाणकाराला प्रेतवस्त्रात दिसणार. पुढे २००२च्या सुमाराला मोठ्या प्रकाशकांनी मूळ दिशेनेच छापायला सुरुवात केली, आणि वाचक निमूटपणे उजवीकडून वाचायला शिकले.

आमच्याकडचं वाईट प्रकरण जिन्याचं आहे. दीपगृहाचा गोल जिना पान १२वर चढताना उजवीकडे वळतो आणि पान ८८पासून डावीकडे. १४ पानं. आत्ता काहीच ठरवत नाही.

१२ जून

काळाच्या चुका पाच. त्यातली चंद्राची सांगते.

पान ६०वर पौर्णिमा. पान १४०वर 'चौथी रात्र, मध्यरात्र' अशी पट्टी आणि खिडकीत बारीक कोर. गोष्टीत चार रात्री, पण मी ही दोन पानं काढली त्यांच्यात दीड वर्षाचं अंतर. चंद्र मी दोन्ही वेळा सुंदर दिसेल तसा काढला.

वाचकाच्या ओळीत दोन आक्षेप होते. पौर्णिमेनंतर चार रात्रींनी चंद्र अजून चांगला जाडजूड असतो. शिवाय बारीक कोर कधीच मध्यरात्री दिसत नाही. ती सूर्याच्या आसपासच असते, म्हणून दिसली तर सूर्यास्तानंतर थोडा वेळ नाहीतर पहाटे. दोन्ही खरे. लाज वाटली, कारण माझी नायिका आयुष्यभर रात्री आकाश बघत बसलेली बाई आहे.

चंद्र जाड करावा तर चौकटीतला अंधार जातो, आणि अंधार नसेल तर नावाडी लपणार कुठे? म्हणून शब्द बदलले: 'अकरावी रात्र, पहाट'. मग पान १४३वरचं 'चार रात्रींचं तेल' खोटं पडलं. ते बदललं तर पान १५१वर तिला आठवडाभर झोप नाही असं कुणीतरी म्हणतंय. एका चंद्रापायी तीन फुगे. कोरीची उजळ कड सूर्य उगवणार त्या क्षितिजाकडे हवी म्हणून ती उलटीही करावी लागली. या वर्षातला हा पहिला मुद्दाम केलेला फ्लिप.

१५ जून

यादीतल्या चार नोंदी मी 'चूक नाही' म्हणून बाजूला काढल्या. सगळ्या चेहऱ्याच्या आहेत. पहिल्या वर्षी दिवेवालीचं नाक लांब होतं, आता ते जवळजवळ एक रेघ आहे. डोळे मोठे झाले, मान आखूड झाली. पान ५ आणि पान ३९० शेजारी ठेवले तर बहिणीसुद्धा वाटणार नाहीत. गंमत म्हणजे दर आठवड्याला वाचणाऱ्या एकानेही इतक्या वर्षांत याबद्दल तक्रार केलेली नाही. हात सुधारला, शैली बसली, हे ते समजून घेतात. नाक घसरत गेलं तरी चालतं, कानातला डूल एका चौकटीत गेला की मेल येतो. मला यात काही विसंगत दिसत नाही. नाक ही माझी गोष्ट, डूल हा तिचा.

पण सलग वाचणाऱ्याला नाकसुद्धा खुपतं, कारण त्याच्या लेखी ते दोन रात्रींत बदललं. करंगळीचंही तेच. बुधवारच्या वाचकासाठी पान ४१ आणि पान २१४ यांच्यात तीन वर्षं आणि वर काही महिने गेले. या माणसासाठी तासदीड तास. चूक तीच, पण एकाच्या डोळ्यासमोर तुटलेलं बोट अजून ताजं आहे.

चित्रपटवाल्यांना हे सुख आहे की त्यांचा प्रेक्षक पुढे ओढला जातो. लेविन आणि सायमन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली दोन बायकांच्या गप्पांची छोटी फिल्म केली आणि कटागणिक काहीतरी बदललं. गळ्यातला स्कार्फ गायब, लाल थाळ्या पांढऱ्या. असे नऊ बदल, आणि पहिल्यांदा बघताना जवळजवळ कुणालाच काही जाणवलं नाही. संकलक वॉल्टर मर्च चांगल्या कटाच्या सहा कसोट्या टक्क्यांत मांडतात: भावनेला ५१, आणि कोण कुठे उभं आहे या त्रिमितीय सलगतेला सर्वात शेवटी ४. मला हे आकडे भिंतीवर चिकटवायचे होते. पण कॉमिकचं पान थांबून राहतं. वाचक बोट ठेवून मागे जातो, दोन पानं शेजारी शेजारी उघडतो, मोठं करून बघतो. माझे ४ टक्के मर्चच्या ४ टक्क्यांपेक्षा महाग आहेत.

१९ जून

आज खरं दुखणं सापडलं. हात थंड पडले.

क्र. १९: 'पान ३०१, चौकट ५. कंदिलाला सहा काचा. इतरत्र पाच.'

ही चूक नाही. हे गोष्टीतलं सर्वात महत्त्वाचं चित्र आहे. पान ३०१वर टेबलावर ठेवलेला कंदील तिचा नाहीच, कुणीतरी बदललाय, आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लेखकाने आणि मी त्या चौकटीवर आठवडा घालवला होता. सहावी काच दिसली पाहिजे, पण ओरडता कामा नये. कंदील किंचित वळवला, म्हणजे काचा मोजता येतील. मोजायची गरज मात्र वाटू नये. कसलेला वाचक थबकेल, 'अरे!' म्हणेल, अशी आमची कल्पना.

आणि हा वाचक खरोखर थबकला. मोजल्या. सहा. आणि आमच्या चुकांच्या यादीत टाकून मोकळा झाला.

का, ते शोधायला लांब जावं लागलं नाही. त्याच यादीत क्र. १२ आहे: 'पान १८७, कंदिलाला चार काचा.' ती निखळ माझी चूक. लांबच्या दृश्यातला छोटा कंदील उचलून मोठा केला, त्यात एक काच मुळात काढलेलीच नव्हती. तेव्हा, २०२१मध्ये, एकाने विचारलं होतं आणि मी पानाखाली लिहिलं होतं: 'हाहा, काचा मोजू नका, मलाही मोजता येत नाहीत.'

हे वाक्य मी लिहिलंय. सव्वादोन वर्षांनी मी त्याच लोकांकडून काचा मोजायची अपेक्षा केली.

लेखकाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे पान ३०१ कुणी वाचलंच नाही?" वाचलं रे, पण चूक म्हणून. आता याला काय उत्तर द्यायचं? 'ही चूक नाही' असं लिहिलं तर गुपित फुटलं. 'बघते' लिहिलं तर मीच माझा धागा चूक म्हणून मान्य केला. उत्तर दिलं नाही तर यादी पाठवणाऱ्याला वाटणार, यांना पर्वा नाही.

अशी मुद्दाम केलेली आणखी एक गोष्ट त्याच्या यादीत आहे, क्र. २६. तिच्याबद्दल इथेही लिहीत नाही. ती अजून फुटलेली नाही.

२२ जून

करंगळीवर दुसऱ्या एका वाचिकेचा मेल सापडला, २०२२चा, न उघडलेला. तिनेही पान २१४ पकडलं होतं, पण चूक म्हणून नाही. तिचं म्हणणं: पान २०५ ते २२० नावाडी सांगतोय, आपण बघतोय ती त्याची आठवण. त्याच्या आठवणीत ती अजून धडधाकट आहे, म्हणून बोटं पाच.

वाचून मी खुर्चीतून उठले. आमच्यापेक्षा चांगलं आहे हे.

वाचकांचा हा खेळ जुना. मार्व्हल कॉमिक्सचे संपादक स्टॅन ली यांनी १९६०च्या दशकात वाचकांच्या पत्रांच्या पानावर 'नो-प्राइझ' सुरू केलं, म्हणजे नसलेलं बक्षीस. चूक पकडणाऱ्याला ते मिळायचं. पुढे पुढे ही चूक मुळात चूक कशी नाही हे पटवून देणाऱ्याला. काही काळ तर बक्षीस म्हणून खरोखर रिकामा लिफाफा टपालाने जायचा. ली स्वतःही यातून सुटले नव्हते. १९६४मध्ये ब्रूस बॅनरला (ज्याचा हल्क होतो तो) त्यांनी 'बॉब' बॅनर करून टाकलं. वाचकांनी धरल्यावर त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर असल्याचं जाहीर झालं आणि ते आजतागायत टिकलं. मागाहून जोडलेल्या अशा ठिगळाला कॉमिक्सच्या जगात जो शब्द रूढ झाला, 'रेट्कॉन', त्याचं लांब रूपही कॉमिक्स-लेखक रॉय थॉमस यांनी १९८३ साली वाचकांच्या पत्रांच्या पानावरच छापलं. लेखक म्हणतो होमरपासून हेच चाललंय: इलियडमध्ये पाचव्या सर्गात मारला गेलेला राजा पायलामेनेस तेराव्या सर्गात मुलाच्या शवामागे रडत चालतो, आणि तेव्हापासून विद्वान त्यावर खुलासे लिहीत बसलेत.

तर लेखकाला वाचिकेचा खुलासा हवाच झाला. अडचण एकच, पान २१८. तेही नावाडीच सांगतोय आणि तिथे मी बरोबर चार बोटं काढली आहेत. त्याचा उपाय: "पान २१८ला पाचवं बोट दे ना."

म्हणजे बरोबर पान चुकीचं करायचं, चुकीचं पान बरोबर ठरावं म्हणून. मी म्हटलं, विचार करते. मोह झाला, खोटं कशाला बोला.

२४ जून

मोह उतरला. पान ४१ पुन्हा वाचलं. दोर आवळला जातो, ती ओरडते, आणि शेवटच्या चौकटीत तिच्या हाताला फडकं कोण बांधतंय? नावाडी. त्याची मान खाली आहे, चेहरा दिसत नाही, पण व्रण दिसतो (तेव्हा लेयर चालू होता). सगळ्या गावात ती करंगळी ज्याला कधीच विसरता येणार नाही असा हाच एक माणूस.

लेखकाला पान पाठवलं. उत्तर: "हं."

वाचिकेला तीन वर्षं उशिराने लिहिलं. तुमचा खुलासा दोन दिवस आमचा होता, पण पान ४१मुळे सोडला; करंगळी काढून टाकतोय, ती माझी चूक. अर्ध्या तासात उत्तर आलं: 'मग तो विसरायचा प्रयत्न करतोय.' या लोकांना कोण हरवणार?

१ जुलै

गाढवपणा झाला, तो नीट लिहून ठेवते.

शनिवारी रात्री पान २१४ दुरुस्त करून जुन्याच नावाने फाईल बदलली. कुठे जाहीर केलं नाही. वाटलं, नव्या वाचकाला स्वच्छ पान मिळेल, जुन्याला फरक पडणार नाही.

रविवारी दुपारपर्यंत दोघे वाचक एकमेकांवर घसरले होते. एक म्हणतो बोटं चार, दुसरा म्हणतो पाच, डोळे तपासून घे. दोघेही खरं बोलत होते. दुसऱ्याच्या ब्राउझरने जुनं चित्र साठवून ठेवलं होतं, नाव तेच असल्याने नवं मागवलंच नाही. त्याने स्क्रीनशॉट टाकला तेव्हा पहिला म्हणाला, हा बनवलेला आहे.

त्याहून वाईट वाटलं ते २०२१च्या नोंदींचं. पानाखाली कुणीतरी तेव्हा लिहून ठेवलंय, 'करंगळी??' वर आता चारच बोटं. ज्याने सर्वात काळजीपूर्वक वाचलं होतं तोच आता आंधळा दिसतो, आणि तसा तो मी केला. शिवाय लपून काही राहतही नाही. वेबॅक मशीनवर (जुनी संकेतस्थळं जपून ठेवणाऱ्या साइटवर) जुनं पान तारखेसह बसलेलं आहेच.

संध्याकाळी दोघांची माफी मागितली. यापुढे दुरुस्त पानाच्या फाईलचं नाव बदलायचं, पानाच्या तळाशी दुरुस्तीची तारीख लिहायची आणि जुनी चौकट वेगळ्या दुरुस्ती-यादीत दिसेल अशी ठेवायची. पकडणाऱ्याचं नाव त्याला विचारून.

५ जुलै

पात्रांचे तक्ते केले. हे पहिल्या वर्षी करायला हवे होते. ॲनिमेशनवाले तक्त्यांशिवाय रेघ ओढत नाहीत. दिवेवाली समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी. दोन्ही हात मोठे करून. पहिल्याच तक्त्यावर घोळ. मी 'डाव्या हाताची करंगळी नाही' लिहिलं आणि बाण काढला उजव्या हाताकडे, कारण समोरून तिचा डावा हात माझ्या उजवीकडे येतो. आता सगळीकडे 'तिचा डावा' असंच लिहिलंय, लाल अक्षरांत.

दीपगृहाचं साधं त्रिमितीय मॉडेल केलं. जिना त्यात फक्त एकाच दिशेने वळू शकतो, ही त्याची मोठी सोय.

कंदिलाच्या तक्त्यावर लेखकाने स्वतः लिहिलं: 'काचा ५. मोजा.'

काही वाचकांनी स्वतःसाठी गोष्टीचा पानवार तपशील मांडून ठेवलाय, कोण कुठल्या रात्री कुठे होतं ते. आमच्या वहीपेक्षा तो पक्का आहे. पान २६०वर होडी कुठल्या किनाऱ्याला होती ते मी आज त्यातून शोधलं.

९ जुलै

हिशेब. ३१पैकी खऱ्या चुका २२. उरलेल्या नऊमध्ये चार नाकं, तीन वाचकाच्या नजरचुका, दोन आमच्या मुद्दाम केलेल्या.

२२पैकी १४ चुकांसाठी रेघ बदलली: लेयरच्या सहाही, फ्लिपच्या आठ. चंद्र धरून काळाच्या तीन चुका शब्द बदलून मिटल्या. पाच तशाच राहणार. जिना त्यातच, १४ पानांची चौकट न् चौकट नव्याने काढायची माझी तयारी नाही, आणि तिथे उलटवून भागत नाही, माणसांचे हातही उलटतात.

जाहीर करायला बसलो तेव्हा लेखकाच्या लक्षात आलं. दुरुस्ती-यादी आणि वाचकाची यादी शेजारी ठेवली की जे दुरुस्त झालं नाही ते उठून दिसणार. कंदील त्यात आहे. फक्त कंदील आणि क्र. २६ उरले असते तर आम्हीच बोट दाखवल्यासारखं झालं असतं. त्यामुळे पाच चुका राहिल्याचं आता मला वाईट वाटेनासं झालंय. जिना कंदिलाला आडोसा देतो. (हे मला आळशीपणाचं समर्थन वाटतंय का? थोडं.)

त्या वाचकाला आभाराचा मेल केला. लिहिलं, यादीतल्या बऱ्याच गोष्टी दुरुस्त केल्या, काही राहू देणार आहोत. का ते लिहिलं नाही. पान १८७वरचं माझं जुनं 'काचा मोजू नका' पुसलं नाही. खाली आजच्या तारखेने लिहिलं, 'चार होत्या ती चूक. आता पाच आहेत.'

१६ जुलै

दुरुस्ती-यादी लावून आठवडा झाला. एकाने लिहिलं की जुनी पानं बदलणं ही फसवणूक आहे, त्याला चुकांसकट गोष्ट हवी. त्याचाही मुद्दा पटतो. जुन्या चौकटी ठेवल्या आहेत तिथे जाऊन तो त्या बघू शकतो. एकाने विचारलं, जिना का नाही? कपाळाला हात.

आज पान ४०१ दिलं. त्यात कंदील आहे, अर्धा सावलीत.

२३ जुलै

यादीवाल्याचा मेल आला. दोनच ओळी:

'क्र. १९ माझ्या यादीतून काढून टाकतो आहे. का ते लिहीत नाही, बाकीच्यांना आपलं आपण कळू दे.'

लेखकाला पुढे पाठवला. त्याला चित्र काढता येत नाही, पण उत्तरादाखल त्याने पेनाने कंदील काढून फोटो पाठवला. मी काचा मोजल्या. सात.